गाठ सोलापुरात, सिक्वेन्सर बाहेरगावी: फुफ्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात पेशीपेशीने कशी तपासावी

सिंगल-सेल सिक्वेन्सिंगचा, म्हणजे एकेका पेशीतली चालू जनुकं वेगवेगळी वाचण्याचा, विषय निघाला की जिल्ह्याच्या ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो यंत्राचा. ते सोलापुरात असण्याची गरज नाही. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू इथे लायब्ररी (वाचण्यासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) बनवणं आणि सिक्वेन्सिंग ही दोन्ही कामं पैसे भरून करून मिळतात. विकत मिळत नाही तो ऑपरेशन टेबलवरून निघालेल्या तुकड्याचा पहिला अर्धा तास. तो बिघडला तर पुढचं महागडं काम मेलेल्या पेशींवर होतं, आणि आकडे तरीही छापून येतात. म्हणून या लेखात सोलापुरात करायच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

नक्की काय शोधायचं?

गाठीचा तुकडा वाटून त्यातला सगळा आरएनए (चालू जनुकांच्या प्रती) एकत्र वाचला तर सरासरी मिळते. त्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशींसोबत टी पेशी व मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक पेशी), रक्तवाहिन्यांच्या पेशी, फायब्रोब्लास्ट (ऊतीला आधार देणाऱ्या पेशी) असे सगळेच असतात. एखादं जनुक वाढलेलं दिसलं तर ते कुणात वाढलं हे सरासरी सांगत नाही. सिंगल-सेल पद्धतीत प्रत्येक पेशी तेलातल्या वेगळ्या थेंबात अडकते. त्या थेंबातला मणी पेशीच्या प्रत्येक आरएनएला १६ अक्षरांचा पेशीचा बारकोड आणि १२ अक्षरांचा रेणूचा बारकोड जोडतो. मग सगळं एकत्र वाचलं तरी कुठला रेणू कुठल्या पेशीचा हे वेगळं काढता येतं.

कर्करोग ‘कसा सुरू होतो’ हा प्रश्न मात्र या पद्धतीला सरळ विचारता येत नाही. प्रत्येक नमुना हा एका क्षणाचा फोटो असतो. त्यामुळे फोटो कुठून कुठून घ्यायचे ते आधी ठरवा.

फुफ्फुसाच्या कर्करोगाचा ॲडेनोकार्सिनोमा हा प्रकार बहुतेक वेळा वायुकोशांतल्या टाइप २ पेशींतून (पुढे फक्त एटी२) निघतो. या पेशी सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा द्रव) बनवतात आणि इजा झाली की वायुकोशाची डागडुजीही करतात. स्क्वॅमस प्रकाराचं मूळ श्वासनलिकेतल्या बेसल पेशींकडे जातं, तर स्मॉल-सेल प्रकाराचं मुख्यतः न्यूरोएंडोक्राइन पेशींकडे. ॲडेनोकार्सिनोमाच्या पायऱ्या पॅथॉलॉजीत ठरलेल्या आहेत: ॲटिपिकल ॲडिनोमॅटस हायपरप्लेझिया (पेशींची असामान्य वाढ), मग इन सिटू (जागच्या जागी), मग मिनिमली इन्व्हेसिव्ह (किंचित आत घुसणारा), मग पूर्ण पसरणारा. २०२० मध्ये उंदरांच्या गाठींत अनेक दिशांना वळू शकणारी एक लवचीक पेशी-अवस्था सापडली. २०२४ मध्ये माणसाच्या आणि उंदराच्या फुफ्फुसात एटी२ आणि गाठ यांच्या मधली, केआरटी८ जनुक जोरात चालू असलेली अवस्था दाखवली गेली. २०२३ च्या आणखी एका अभ्यासाने दाखवलं की निरोगी फुफ्फुसातही ईजीएफआर आणि केरास या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांत उत्परिवर्तन असलेल्या पेशी असतात, आणि हवेतले पीएम २.५ कण मॅक्रोफेजमार्फत आयएल-१बीटा हे दाहाचं प्रथिन वाढवून अशा पेशींना जागं करतात. सोलापुरातल्या अभ्यासाला इथून विचारण्याजोगे प्रश्न मिळतात: मधली अवस्था इथल्या रुग्णांत दिसते का, तिच्या शेजारी कोण बसलेलं असतं, आणि धूर-धुळीच्या इतिहासाशी तिचा मेळ बसतो का.

इथे पहिली मेख आहे. केआरटी८ वाढलेली मधली अवस्था ही कर्करोगाची खासगी मालमत्ता नाही. इजा भरून निघताना आणि फायब्रोसिसमध्येही (फुफ्फुस व्रणाने कडक होतं तेव्हा) तशाच पेशी दिसतात. आपल्याकडे टीबी होऊन गेलेली, व्रण पडलेली फुफ्फुसं भरपूर. अशा फुफ्फुसाचा गाठीपासून दूरचा तुकडा ‘निरोगी’ म्हणून वापरला तर तुलनेचा पायाच कलतो. म्हणून सीटी स्कॅनवर जुन्या टीबीच्या खुणा आहेत का, हे प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत लिहा, आणि व्रणाजवळचा तुकडा घ्यायचाच असेल तर तो वेगळ्या नावाने घ्या.

माहितीचा तक्ता आणि संमती

तक्त्यात ‘तंबाखूशी संबंध: होय / नाही’ एवढाच रकाना असेल तर सोलापुरात तो निरुपयोगी आहे. इथे हजारो बायका बिड्या वळतात आणि ओढत मात्र नाहीत. वळणं, ओढणं, मशेरी लावणं, तंबाखू खाणं हे चार वेगळे रकाने ठेवा. ओढणाऱ्यांसाठी दिवसाच्या बिड्या गुणिले वर्षं असा आकडा लिहा. दिवसाला २० बिड्या ३० वर्षं म्हणजे ६००. सोबत चुलीवरचा स्वयंपाक किती वर्षं, यंत्रमागावर किंवा सूतगिरणीत काम किती वर्षं, टीबीचे उपचार कधी घेतले, हेही विचारा. या सगळ्याची नोंद घ्यायची, कारण म्हणून गृहीत धरायचं नाही.

संमतीपत्र आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हवं आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला नमुना घेण्याआधी. मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दू प्रती तयार ठेवा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीला मराठी बोलता येतं म्हणून चार पानी मराठी कागद कळतो असं नाही. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार. जनुकीय माहिती साठवली जाणार, कदाचित इतर संशोधकांना दिली जाणार, आणि उपचारावर याचा काही फरक पडणार नाही, या तीन गोष्टी तोंडी सांगा. वेळ आदल्या दिवशीची. स्ट्रेचरवर घेतलेली संमती ही संमती नसते. नमुन्यावर फक्त सांकेतिक क्रमांक, आणि नावाशी त्याची जोडणी असलेली वही कुलुपात.

किती रुग्ण, कुठले तुकडे

पैसे मर्यादित असतात तेव्हा दोन रुग्णांच्या लाखभर पेशी वाचण्यापेक्षा आठ रुग्णांचे मोजके तुकडे वाचणं केव्हाही बरं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तुमचा नमुना म्हणजे रुग्ण, पेशी नव्हे. एकाच माणसाच्या दहा हजार पेशी हे दहा हजार पुरावे होत नाहीत.

शस्त्रक्रियेत लोब (फुफ्फुसाचा एक खंड) निघत असेल तर चार ठिकाणं धरा: गाठीचा मध्य (पिवळट, भुसभुशीत मेलेला भाग टाळून), गाठीची कड, कडेपासून साधारण २ सेंटिमीटरवरचा भाग, आणि शक्य तितका दूरचा, ५ सेंटिमीटरपेक्षा लांबचा भाग. कर्करोगाच्या सुरुवातीचा अभ्यास असल्याने कड आणि जवळचा भाग हीच खरी कमाई. घाईत नेमके तेच राहून जातात. प्रत्येक ठिकाणचे २०० ते ३०० मिलिग्रॅम पुरतात. पहिला हक्क पॅथॉलॉजिस्टचा: निदान आणि मार्जिन (कापलेल्या कडेत गाठ उरली का याची तपासणी) यांना धक्का लागेल असा एकही काप घ्यायचा नाही, आणि तुकडा पॅथॉलॉजिस्टनेच कापून द्यायचा.

प्रत्येक ठिकाणच्या तुकड्याचे भाग करा. एक पेशींसाठी, एक गोठवण्यासाठी, एक डीएनएसाठी, आणि अगदी लगतची एक चकती फॉर्मॅलिनमध्ये. ही चकती विसरली की नंतर तुकड्यात गाठ किती होती हे कळण्याचा मार्ग उरत नाही. सोबत ५ मिली रक्त ईडीटीए नळीत घ्या. जन्मजात बदल आणि गाठीतले बदल वेगळे करायला ते लागतं.

सुईच्या बायोप्सीतून कामापुरत्या पेशी मिळू शकतात, पण निदानाला लागणारे कोअर (सुईने निघालेले बारीक तुकडे) आधी, संशोधनाचा शेवटी. छातीतलं पाणी हा सगळ्यात सोपा नमुना: ५० ते १०० मिली पाणी, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० ते ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) वर १० मिनिटं फिरवलं की पेशी खाली बसतात, एन्झाइमची गरज नाही. मात्र पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात तेव्हा आजार चौथ्या टप्प्यात असतो. पद्धत हाताला बसवण्यासाठी हा नमुना उत्तम. सुरुवातीच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

तीन वाटा, आणि सोलापूरला परवडणारी

पहिली वाट ताज्या पेशींची: तुकडा थंड माध्यमात पुण्याला, तिथे पेशी सुट्या करून त्याच दिवशी यंत्रात. माहिती सर्वात भरघोस. पण रस्त्याने अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास, त्यात मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर. शस्त्रक्रिया दुपारी बारापर्यंत संपली तर संध्याकाळी सहाला तुकडा टेबलवर येतो आणि रात्री दहाला चिपवर (पेशी थेंबांत अडकवणारी पट्टी). पलीकडची लॅब तेवढा वेळ थांबायला तयार आहे का, हे आधी विचारा. सोमवार ते बुधवारच्याच शस्त्रक्रिया निवडा. शुक्रवारी निघालेला तुकडा शनिवारी बंद दारापुढे पोचतो.

दुसरी वाट गोठवून केंद्रकं काढण्याची. वाटाण्याएवढा तुकडा क्रायोव्हायलमध्ये (गोठवण्याची छोटी नळी) घालून थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. द्रव नायट्रोजन ही आपल्याकडे दुर्मीळ वस्तू नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचा पुरवठा जिल्ह्यात होतच असतो. पुरवठादार तोच चालेल, पण कॅन स्वतंत्र हवा. वीर्यकांड्यांच्या कॅनमध्ये माणसाचा तुकडा घालायचा नाही. नंतर उणे ८० च्या फ्रीजरमध्ये, आणि महिन्याभराचे नमुने जमले की ड्राय आइसमध्ये एकत्र रवाना. गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा, कारण ड्राय आइसचा वायू बंद गाडीत साचतो. या वाटेचा छुपा फायदा असा की वायुकोशांतल्या टाइप १ पेशी, ज्या पातळ, पसरट आणि नाजूक असल्याने एन्झाइमखाली फाटून जातात, त्यांची केंद्रकं मात्र सापडतात. तोटा असा की केंद्रकात आरएनए कमी असतो, त्यामुळे टी पेशींचे बारीक प्रकार पुसट होतात.

तिसरी वाट पक्क्या केलेल्या पेशींची, आणि सोलापूरसाठी आमची पहिली पसंती हीच. टेनएक्स कंपनीची फ्लेक्स पद्धत यात मोडते. तुकडा बारीक चिरून, दर २५ मिलिग्रॅममागे १ मिली या प्रमाणात, किटच्या बफरात ताज्या बनवलेल्या ४ टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर १६ ते २४ तास ठेवायचा, मग क्वेंच करायचं (फॉर्माल्डिहाइडची क्रिया थांबवायची). पुढे आठवडाभर तो ४ अंशांवर टिकतो, किटमधलं एन्हान्सर आणि ग्लिसरॉल घालून उणे ८० वर कित्येक महिने. पेशी सुट्या करण्याचं काम नंतर, सवडीने. थिएटरमधल्या डब्यातलं नेहमीचं फॉर्मॅलिन इथे चालत नाही. पेशी होत्या त्या अवस्थेत आधीच पक्क्या झाल्याने प्रवासाचा आणि एन्झाइमचा ताण जनुकांत उमटत नाही. शिवाय सोळा नमुने एकत्र करून चालवता येतात, म्हणजे खर्च वाटला जातो.

फ्लेक्सची मर्यादाही ऐका. ती जनुकांच्या आरएनएवर आधीच बनवलेले प्रोब (त्याला जुळणारे छोटे तुकडे) चिकटवते आणि ते प्रोब वाचते. म्हणून ईजीएफआरमधलं उत्परिवर्तन त्यात दिसणार नाही, टी पेशींचे रिसेप्टरही नाहीत. साध्या ३-प्राइम किटमध्येही परिस्थिती फार वेगळी नाही: ते रेणूचं शेपूट वाचतं, आणि ईजीएफआरचे एक्सॉन १९ व २१ (जिथे उत्परिवर्तनं वारंवार असतात ते भाग) शेपटापासून लांब असतात. उत्परिवर्तनासाठी वेगळा राखलेला डीएनएचा तुकडा म्हणूनच आवश्यक.

थिएटरपासून बर्फाच्या डब्यापर्यंत

सर्वात वारंवार होणारा अपघात साधा आहे: सवयीने कुणीतरी तुकडा फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकतं. त्यावर उपाय म्हणजे लाल झाकणाची, मोठ्या अक्षरात ‘संशोधन, फॉर्मॅलिन नको’ लिहिलेली ५० मिलीची नळी सिस्टरांच्या हातात आधीच देणं. नळीत १५ मिली थंड आरपीएमआय (पेशींसाठीचं पोषक माध्यम) किंवा ऊती साठवण्याचं तयार द्रावण. सलाइनच्या बोळ्यात गुंडाळलेला तुकडा पंख्याखाली दहा मिनिटांत कडेने वाळतो. कॉटरीने (रक्त थांबवायला भाजणारं उपकरण) भाजलेली कड घेऊ नका.

घड्याळाच्या दोन वेळा लिहा: लोबची रक्तवाहिनी बांधली ती वेळ आणि तुकडा द्रावणात पडला ती वेळ. यातलं अंतर ३० मिनिटांच्या आत हवं. वाहिनी बांधल्यावर लोब शरीरातच, ३७ अंशांवर, रक्ताविना असतो, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही.

डबा म्हणून लसीकरणाचा व्हॅक्सिन कॅरिअर उत्तम. आइस पॅक मात्र फ्रीजरमधून काढून लगेच लावू नका. लसीकरणातला नियम इथेही लागू: पॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला हवा. उणे २० चा पॅक नळीला चिकटला तर तुकडा कडेने गोठतो आणि बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. वर तो पुन्हा वितळून पोचतो, म्हणजे बाहेरून सगळं छान दिसतं. नळी पिशवीत, पिशवी कापडात, आणि आत छोटा तापमान नोंदवणारा लॉगर, २ ते ८ अंशांसाठी.

ताज्या पेशी सुट्या करताना

बर्फावरच्या पेट्री डिशमध्ये दोन ब्लेडनी तुकडा १ मिलिमीटरपेक्षा बारीक चिरा. ५ मिली आरपीएमआयमध्ये कोलॅजिनेज (पेशींमधलं जाळं तोडणारं एन्झाइम) १ मिग्रॅ/मिली आणि डीएनेज (डीएनए तोडणारं) ०.१ मिग्रॅ/मिली. ३७ अंशांवर, हलवत, ३० मिनिटं. या टप्प्यात ईडीटीए घालू नका, कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं. डीएनेज विसरलं तर मेलेल्या पेशींच्या डीएनएची शेंबडासारखी तार बनते आणि जिवंत पेशीही तिच्यात गुंततात.

तासभर ठेवलं तर पेशी जास्त मिळतील हा मोह होतो. मिळतातही. पण ३७ अंशांवर राहिलेल्या पेशी फॉस, जून आणि हीट-शॉक ही ताणाची जनुकं पेटवतात, आणि ती पुढे ‘गाठीचं वैशिष्ट्य’ म्हणून छापली जातात. अर्ध्या तासानंतर सुटलेल्या पेशी काढून बर्फावर ठेवा. उरलेल्या तुकड्यांना हवं तर ताजं एन्झाइम घालून आणखी १५ मिनिटं द्या.

थंड, १० टक्के सीरम असलेल्या माध्यमाने थांबवा. ७० मायक्रॉनची गाळणी, ३०० जी वर ५ मिनिटं ४ अंशांवर, तांबड्या पेशी फोडणाऱ्या द्रावणात ३ मिनिटं, धुणं, ४० मायक्रॉनची गाळणी, आणि शेवटी ०.०४ टक्के बीएसए घातलेल्या पीबीएसमध्ये. टोकं रुंद भोकाची वापरा. जोराने पिपेट करून गुठळ्या फोडण्यापेक्षा पुन्हा गाळणं चांगलं.

आता कर्करोगाच्या सुरुवातीच्या अभ्यासाची खास गरज. समजा एकूण पेशींत एपिथेलियल पेशी (वायुकोश-श्वासनलिकांच्या अस्तरातल्या, ज्यांतून गाठ निघते) १० टक्के, आणि त्यांत मधली अवस्था १ टक्का. ८,००० पेशी वाचल्या तर ८०० एपिथेलियल आणि मधल्या अवस्थेतल्या फक्त ८. आठ पेशींवर कसला निष्कर्ष काढणार? एपकॅम या एपिथेलियल पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने निवडून एपिथेलियल प्रमाण ८० टक्क्यांवर नेलं तर त्याच खर्चात ६,४०० आणि ६४. म्हणून सस्पेन्शनचे दोन भाग करा: एक जसाच्या तसा, शेजारी पाहण्यासाठी, दुसरा एपकॅमने निवडलेला, सुरुवात पाहण्यासाठी.

मोजणी

ट्रायपॅन ब्लूवर (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) विसंबू नका. उरलेल्या तांबड्या पेशी त्यात रंगत नाहीत आणि जिवंत म्हणून मोजल्या जातात; उलट धुरात वावरलेल्या फुफ्फुसातले काळे कार्बनचे कण मेलेल्या पेशींसारखे दिसतात. ॲक्रिडीन ऑरेंज आणि प्रोपिडियम आयोडाइडची जोडी केंद्रक असलेल्याच पेशी दाखवते.

हिशेब असा. मोजणीच्या काचेवरच्या चार चौकटींत मिळून ३२० जिवंत पेशी, म्हणजे सरासरी ८०. दुप्पट पातळ केलं होतं, तर ८० × २ × १०,००० = मिलीला १६ लाख, म्हणजे मायक्रोलिटरला १,६००. हव्यात १,०००. मग ६२.५ मायक्रोलिटर सस्पेन्शनमध्ये ३७.५ मायक्रोलिटर बफर. जुन्या ३-प्राइम चिपमध्ये टाकलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के पेशी हाती लागतात. ८,००० हव्या असतील तर सुमारे १२,३०० टाकायच्या, म्हणजे १२.३ मायक्रोलिटर. नव्या चिपचा तक्ता वेगळा आहे, तोच पाहा. जिवंत प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर हवं. ७० च्या खाली असेल तर मेलेल्या पेशी काढणारा चुंबकी कॉलम वापरा किंवा त्या दिवशी थांबा. थांबणं अवघड जातं, पण गोठवलेला भाग शिल्लक आहेच.

जास्त पेशी कोंबल्या की एका थेंबात दोन शिरतात. जुन्या चिपवर १०,००० पेशींमागे असे जोड सुमारे ८ टक्के. अर्धी एटी२ आणि अर्धा मॅक्रोफेज असलेला जोड ‘मधली अवस्था’ म्हणून हुबेहूब खपतो, त्यामुळे या विषयात हाव विशेष महाग पडते.

एकाच रुग्णाची गाठ आणि दूरचा तुकडा एकाच दिवशी, एकाच चिपवर चालवा. सगळ्या गाठी जूनमध्ये आणि सगळे निरोगी तुकडे ऑगस्टमध्ये केले तर दिसणारा फरक आजाराचा की महिन्याचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

सिक्वेन्सिंगची मागणी नोंदवताना

३-प्राइम लायब्ररीसाठी पहिला रीड २८ अक्षरं, दोन्ही इंडेक्स १० – १०, दुसरा रीड ९०. पेशीमागे ५०,००० रीड-जोड्या मागा, किमान २०,०००. आठ हजार पेशी गुणिले ५०,००० म्हणजे ४० कोटी रीड-जोड्या. कच्च्या फास्टक्यू फाइली, सीडीएनएचा (आरएनएवरून बनवलेला डीएनए) तुकड्यांची लांबी दाखवणारा बायोॲनालायझर आलेख आणि किटची नेमकी आवृत्ती लेखी मागून घ्या. सीडीएनएच्या आलेखात १,००० ते २,००० बेसच्या आसपास रुंद टेकडी हवी. तिच्याऐवजी डावीकडे, आखूड तुकड्यांची गर्दी दिसली तर आरएनए तुटलेला आहे आणि पुढे पैसे घालण्यात अर्थ नाही.

संगणकावर

पहिला नमुना घेण्याच्या आधी सराव करा. जीएसई १३१९०७ हा संच सार्वजनिक आहे: ४४ रुग्ण, २,०८,५०६ पेशी, सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठी आणि निरोगी फुफ्फुस दोन्ही. हे काम सोलापुरातच होण्यासारखं आहे. जीवशास्त्राच्या माणसासोबत विद्यापीठातला संख्याशास्त्राचा किंवा संगणकशास्त्राचा विद्यार्थी बसवा. कच्च्या फाइली वाचणाऱ्या सेल रेंजर या सॉफ्टवेअरला ६४ जीबी रॅमचं यंत्र लागतं. त्यानंतरचं स्कॅनपाय किंवा स्यूरामधलं काम ३२ जीबीवर निभावतं. रात्रभर चालणाऱ्या कामाला यूपीएस लावा, वीज कधी जाईल सांगता येत नाही.

गाळणीचे आकडे सगळ्या पेशींना एकच लावू नका. २०० पेक्षा कमी जनुकं असलेली पेशी टाका, पण ही मर्यादा ५०० वर नेली तर न्यूट्रोफिल गायब होतात, त्यांच्यात आरएनए मुळातच कमी. मायटोकाँड्रियाच्या आरएनएचं प्रमाण २० टक्क्यांवर असेल तर पेशी मरणपंथाला लागलेली समजतात, मात्र गाठीच्या एपिथेलियल पेशींत ते स्वभावतःच चढं असू शकतं. गोठवलेल्या केंद्रकांत ते ५ टक्क्यांच्याही खाली हवं.

फुफ्फुसात हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे रस्सा. फुटलेल्या एटी२ पेशींचा आरएनए द्रावणात तरंगतो आणि प्रत्येक थेंबात शिरतो. टी पेशींत एसएफटीपीसी हे एटी२ चं जनुक दिसलं की ओळखा. सूपएक्स किंवा सेलबेंडर या सॉफ्टवेअरने तो वजा करा, मग स्क्रबलेटने जोड काढा. पुढचं नेहमीचं: पेशीमागे १०,००० वर समानीकरण, सर्वाधिक बदलणारी २,००० ते ३,००० जनुकं, ३० मुख्य घटक (पीसीए), रुग्णांमधला फरक हार्मनीने जुळवणं, लायडनने गट. गट ओळखायला एपकॅम एपिथेलियल पेशींना, पीटीपीआरसी रोगप्रतिकारक पेशींना, पीईकॅम१ रक्तवाहिन्यांना, सीओएल१ए१ फायब्रोब्लास्टना. मग एपिथेलियलमध्ये एसएफटीपीसी म्हणजे एटी२, एजीईआर म्हणजे टाइप १, केआरटी५ म्हणजे बेसल, फॉक्सजे१ म्हणजे केसाळ पेशी. नावं देताना २०२३ च्या मानवी फुफ्फुस पेशी-नकाशाशी ताडून पाहा. त्यात ४८६ व्यक्तींच्या २४ लाख पेशी आहेत.

हार्मनी एपिथेलियल पेशींवर बेतानेच चालवा. प्रत्येक रुग्णाची गाठ वेगळी दिसणं हे बहुधा खरंच असतं. ते जुळवून सपाट केलं तर अभ्यासाचा विषयच पुसला जातो.

सुरुवात कुठे दिसते

आता एपिथेलियल पेशी वेगळ्या काढा. इन्फरसीएनव्ही किंवा कॉपीकॅट ही सॉफ्टवेअर शेजारच्या टी पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींशी तुलना करून गुणसूत्रांचे कुठले भाग वाढले-घटले ते दाखवतात. ॲडेनोकार्सिनोमात ५पी, १क्यू, ८क्यू (गुणसूत्राचा क्रमांक आणि त्याची भुजा) वाढलेले, स्क्वॅमसमध्ये ३क्यू वाढलेला असं चित्र वारंवार दिसतं. पण अगदी सुरुवातीच्या पेशीत गुणसूत्रं बऱ्यापैकी शाबूत असू शकतात. ‘बदल दिसला नाही’ याचा अर्थ ‘निरोगी’ असा लावला तर ज्या पेशी शोधायला निघालो त्याच निरोगी गटात ढकलल्या जातात. अशा पेशींना तिसरा, अनिश्चित गट द्या.

एटी२, मधली अवस्था आणि गाठ यांना मोनोकल किंवा पागा या सॉफ्टवेअरने ओळीत लावता येतं. ही ओळ साम्याची असते, काळाची नव्हे. बाण कुठल्या बाजूला दाखवायचा हे तुम्ही दिलेल्या सुरुवातीच्या पेशीवर ठरतं. सायटोट्रेससारखं साधन दिशा स्वतंत्रपणे सुचवतं, तेही चुकू शकतं. दिशेचा भक्कम पुरावा डीएनएत असतो: कडेच्या तुकड्यातले बदल मध्याच्या तुकड्यातल्या बदलांचा उपसंच निघाले तर कडेच्या पेशी त्या झाडाच्या आधीच्या फांदीवर आहेत असं म्हणायला आधार मिळतो. यूमॅपवर (पेशी ठिपक्यांनी दाखवणारा नकाशा) दोन ठिपके जवळ आले म्हणून नातं जोडणं टाळा.

गाठ आणि निरोगी यांतल्या जनुकांची तुलना करताना प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक पेशी-प्रकाराची बेरीज करा आणि ती बेरीज डीईसेक२ या संख्याशास्त्रीय साधनात, जोडीने, घाला. पेशी सुट्या मोजून केलेल्या चाचणीत पी-व्हॅल्यू इतक्या सुंदर येतात की तिथेच शंका यायला हवी.

शेवटचं काम पुन्हा पॅथॉलॉजीच्या टेबलावर. बाजूला ठेवलेल्या फॉर्मॅलिनच्या चकतीचे ४ मायक्रॉनचे काप काढा आणि केआरटी८ व सर्फॅक्टंट प्रथिनाचं रंगकाम एकाच कापावर करा. दोन्ही रंग एकाच पेशीत, गाठीच्या कडेला दिसले तर मधली अवस्था खरी असण्याची शक्यता वाढते. रंग फक्त जुन्या टीबीच्या व्रणाभोवती दिसले तर ती डागडुजी आहे. त्या रुग्णाचा गट बदला आणि विश्लेषण पुन्हा चालवा.